अंधाराचा दर

चेहऱ्याचे पैसे जास्त. मग हात.
मग कापड. लाल असेल तर थोडे वर,
कारण लाल दोनदा वाळवावं लागतं.
सगळ्यात शेवटी अंधार.
तो माझ्याकडे.

दाफेनच्या या गल्लीत एकोणीस वर्षं झाली.
वर दोरीवर धुणं वाळावं तसे संत वाळत असतात,
खाली स्कूटर, नूडल्सचे डबे, टर्पेंटाइन,
आणि जूनमध्ये हवेत इतकं पाणी
की मरियमचा निळा झगा आठ-आठ दिवस बोटाला लागतो.

ग्वेलान चेहरे करते. शियाँग कापड.
मी सगळ्यांच्या आधी बसतो आणि सगळ्यांनंतर उठतो.
या जुन्या चित्रांत निम्म्याहून जास्त काळोखच असतो,
गिऱ्हाइकाला ते कळत नाही.
त्यानं पैसे उजेडाचे दिलेले असतात.

काळा रंग मी वापरत नाही.
नवी पोरं तिथंच चुकतात, ट्यूब पिळतात, थापतात,
आणि कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसतं.
काळोख तपकिरी असतो. तळाशी जरा हिरवा.
गुरांजवळ कोमट.
हे कुणी शिकवलं नाही.
ग्वांग्शीच्या आमच्या डोंगरात वीज आली
तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो.
तोवर रात्री म्हैस हातानं शोधायचो:
आधी श्वास, मग शिंग, मग ती.

म्हणून गोठ्याची ऑर्डर आली की कुआंगबाई मलाच हाक मारतात.
बाळ, आई, बैल, तीन मेंढपाळ.
गोष्ट काय ते मला पुरतं ठाऊक नाही.
बाळंतीण दमलीय, हे दिसतं.
पाहुणे अवेळी आलेत, हेही.

यंदाची मोठी ऑर्डर इलोइलोच्या एका चर्चची.
तीन मीटर उंच. खालच्या कोपऱ्यात
गुडघे टेकलेला म्हातारा, आपल्याकडे पाठ,
आणि त्याचे तळवे थेट आपल्या तोंडासमोर.
मुळात ते मळके आहेत.
ग्वेलाननं मळकेच केले. तीन दिवस घेतले.
टाचांच्या भेगा, भेगांत माती, अंगठ्याचं नख फुटलेलं.
मी विचारलं, कुणाचे?
म्हणाली, प्रिंटमधले.
मग ब्रश पुसता पुसता:
बाबांचा उजवा असाच आत वळायचा.

फोटो पाठवला. उत्तर आलं, फार नम्र.
चित्र सुंदर. बाळ तर फारच सुंदर.
फक्त देणगीदार बाईंचं म्हणणं, पाय धुतलेले हवेत.
वेदीपुढे वाकलं की तेच दिसतात.

ग्वेलान जेवायला म्हणून गेली,
ती चारपर्यंत आलीच नाही.
पाय नव्यानं करायचे तर त्याचे पैसे कोण देणार,
कुआंगबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं.
अंधार स्वस्त पडतो.
दिव्याखाली तर तो असायचाच, कोण विचारतंय.

मी सावली वीतभर खाली ओढली.
दाट नाही. तेल जास्त, रंग नावाला.
एक हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला,
धुकं चढावं तसे पाच हात.
तळवे बुडाले.
फोटो गेला, होकार आला,
म्हातारा नळीत गुंडाळून बोटीनं गेला.

तेलाचं एक आहे.
म्हातारं झालं की ते
आपल्या पलीकडचं दिसू देतं.
पन्नास वर्षं लागतील, कदाचित जास्त.
तेव्हा त्या वेदीपुढे वाकेल कुणीतरी,
आज जन्मलेलंही नाही असं,
आणि त्याला दिसेल
आधी टाच, मग माती, मग तो.

हे ग्वेलानला सांगितलेलं नाही.
सांगायचं तर काय, आणि पन्नास वर्षांचा हिशेब
या गल्लीत कोण मांडतं?
तिला वाटतं, मी ते पाय पुसले.
चार दिवस अबोला आहे.
उद्यापासून बारा पश्चात्तापी मग्दालेना,
प्रत्येकीपुढे एक कवटी, एक मेणबत्ती.
ज्योतीमागे दोन युआन जादा, ते तिला.
बाकीची रात्र माझी.